एका कागदावर नाही

मीटिंगच्या खोलीतली ती भिंत मुळात पांढरी होती, हे नव्या माणसांना सांगावं लागायचं. तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच मीटर लांबीचा एकच कागद चिकटवलेला होता, आणि त्या कागदावर एकशे सत्त्याऐंशी चौकोन नि सहाशे बारा रेषा. चौकोन म्हणजे सॉफ्टवेअरमधले क्लास. पिशवी, दाता, तपासणी, साठा, मागणी, अशी एकेका गोष्टीची जबाबदारी सांभाळणारे प्रोग्रामचे तुकडे. आणि कोण कोणावर अवलंबून आहे हे दाखवायला रेषा. कंपनी रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. दात्याच्या दंडातून निघालेलं रक्त रुग्णाच्या खाटेपर्यंत कसं पोचतं, तो सगळा प्रवास त्या प्रोग्राममध्ये होता, आणि त्या प्रोग्रामचा सगळा संसार या कागदावर.

कागद आर्किटेक्टसाहेबांचा. सॉफ्टवेअरची रचना ठरवणारे ते मुख्य. पंधरा वर्षांपूर्वी पहिला चौकोन त्यांनीच आखला होता. पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांना भिंतीपुढे उभं केलं जायचं. "आमची संपूर्ण यंत्रणा," साहेब हात पसरून म्हणायचे, "एका कागदावर." पाहुणे "वा वा" करायचे, भिंतीपुढे उभे राहून फोटो काढून घ्यायचे आणि जायचे. तो कागद वाचल्याचं मात्र कोणी कधी ऐकलं नव्हतं.

त्या कागदाकडे बघून उघडपणे नाक मुरडणारी कंपनीत एकच बाई होती. तोंडावर तिला सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे खोडरबर. वय एक्कावन्न. एकोणिसाव्या वर्षी ती इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत ट्रेसिंगला लागली होती. तिथं बारा वर्षं तिरक्या टेबलावर वाकून तिनं पाठ आणि हात दोन्ही कमावले. पुढं ड्रॉइंग बोर्ड अडगळीत गेले, तेव्हा पदरात दोन लहान मुली असताना ती प्रोग्रामिंग शिकली. या कंपनीत तिच्याकडे आकृत्यांचं आणि लेखी माहितीचं काम होतं. कोणी आकृती घेऊन आलं की ती आधी पूर्ण बघायची, मग विचारायची, "यातलं काय काढलं तर चालेल?" समोरचा म्हणायचा, "काहीच नाही." अर्ध्या तासानं तो अर्धी आकृती घेऊन परत जायचा. म्हणून खोडरबर. तिला ते नाव माहीत होतं आणि फारसं टोचत नव्हतं.

मग ती पिवळ्या चिकटपट्टीची गोष्ट झाली.

शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीत एक पिशवी फेरतपासणीसाठी बाजूला ठेवली होती. पहिल्या तपासणीत शंका आली होती, दुसरी व्हायची होती. तोवर ती कोणाला द्यायची नव्हती. पण संगणकावर ती 'उपलब्ध' दिसत होती. एका वॉर्डाची मागणी आली, संगणकानं तीच पिशवी सुचवली. रक्तपेढीच्या प्रमुख बाईंनी फ्रीज उघडला, पिशवीवरची पिवळी चिकटपट्टी बघितली आणि हात मागे घेतला. कोणाला काही झालं नाही. पण त्या बाईंनी दार लावून पहिला फोन कंपनीला केला, आणि त्या फोनवर काय बोलल्या ते व्यवस्थापकांनी कोणालाच जसंच्या तसं सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी सगळे त्या भिंतीपुढे बसले. व्यवस्थापकांना कंपनीत समतोलसाहेब म्हणत, कारण कुठल्याही भांडणात ते "आपण समतोल राखू" म्हणून जो जोरात बोलेल त्याच्या बाजूला जात. त्यांच्या शेजारी आर्किटेक्टसाहेब. समोर लांब्या. ताडमाड उंचीचा, दोन लेकरांचा बाप, आठ वर्षांचा अनुभव असलेला प्रोग्रामर. फेरतपासणीचा बदल त्यानं केला होता. त्यानं 'तपासणी' या क्लासमध्ये नवी अवस्था घातली, नीट चालवून बघितली, आणि त्या क्लासपुरतं सगळं बरोबर होतं. पण पिशवी द्यायची की नाही हे 'साठा' ठरवतो, आणि 'साठा' 'तपासणी'ला विचारतच नाही. तो 'हालचाल' नावाच्या तिसऱ्याच चौकोनाला विचारतो. 'हालचाल'ला नव्या अवस्थेचा पत्ताच नव्हता.

"आकृतीत होतं," आर्किटेक्टसाहेब म्हणाले. "'साठा'पासून 'हालचाल'पर्यंत रेषा आहे. बदल करण्याआधी आकृती बघायची, हा आपला नियम आहे. यानं बघितली नाही."

लांब्यानं मान खाली घातली. "बघितली होती सर."

"मग दिसली कशी नाही?"

खोडरबर कोपऱ्यात टिपणं घेत बसली होती. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"साहेब, ती रेषा जरा बोटानं दाखवाल का?"

"काय?"

"'साठा'पासून 'हालचाल'पर्यंत. बोट ठेवून. आम्हालाही कळेल कशी बघायची."

साहेब हसले, उठले आणि भिंतीपाशी गेले. 'साठा' त्यांना लगेच सापडला. बोट निघालं. 'यंत्र', 'नमुना' मागे टाकून डावीकडे वळलं, एका जाड जुडग्यात शिरलं. तिथं तीसेक रेषा एकमेकींवरून जात होत्या. बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा निघालं. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. कोणी तरी खोकलं. खोडरबरनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सहा मिनिटं झाली होती. सातव्या मिनिटाला बोट एका चौकोनावर येऊन टेकलं आणि साहेब विजयानं वळले.

"हे बघा."

"ते 'पावती छपाई' आहे साहेब," खोडरबर म्हणाली.

कोणाला तरी हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "गेल्या दोन वर्षांत इतरांनी चौकोन घुसडलेत यात! माझ्या मूळ आकृतीत—"

"ज्यानं आकृती काढली त्याला जी रेषा सात मिनिटांत सापडत नाही, ती यानं बघितली नाही म्हणून याच्यावर ठपका ठेवायचा?" ती बसल्या जागेवरूनच बोलत होती, आवाज न चढवता. "सगळ्या जगाला कळेल अशी गोष्ट आहे ही. त्या कागदावर काही दिसत नाही."

"आपण समतोल राखू," समतोलसाहेब म्हणाले, आणि त्यांनी समतोल असा राखला: लांब्याला चुकीबद्दल लेखी पत्र मिळेल. रुग्णालयाची पाहणी समिती बारा दिवसांनी कंपनीत येणार आहे, तिच्यासाठी ताईंनी आकृती अद्ययावत करावी. नवे सात चौकोन घालून, रंग देऊन, एकाच कागदावर.

"मी नाही काढणार," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही काढणार. वाचता येईल असं काही तरी काढीन. हे नाही."

नकार देताना ती शांत होती. जिना उतरताना मात्र बाविसाव्या पायरीवर ती कठड्याला धरून मिनिटभर उभी राहिली. निवृत्तीला सात वर्षं होती आणि धाकटीचं शिक्षण अजून चालू होतं. मग तिला लांब्याची खाली घातलेली मान आठवली आणि तिला नव्यानं राग आला. त्या रागावर ती संध्याकाळी घरापर्यंत चालत गेली.

नवरा पावाची गाडी चालवायचा. पहाटे जायचा, दुपारी घरी यायचा, त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक त्याच्याकडे. कांदा चिरता चिरता त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"थेट नाही म्हणालीस?"

"थेट."

"घरात पंचवीस वर्षं ऐकतोय, पण ऑफिसात पहिल्यांदाच वाटतं."

"अहो, थट्टा सुचतेय तुम्हाला."

"थट्टा नाही. कांदा आहे." त्यानं मनगटानं डोळे पुसले. "काढ तू तुला हवं तसं. ओरडतील, ओरडू देत."

तिनं काढायला घेतलं. नकाशांच्या कचेरीत असताना तिनं कधी एका कागदावर अख्खी इमारत काढली नव्हती. भिंतींचा कागद वेगळा, नळांचा वेगळा, विजेचा वेगळा, आणि जिन्याची बारीक माहिती पुन्हा वेगळ्या पानावर. गवंड्याला नळ दाखवले तर तो गोंधळतो आणि प्लंबरला विटा दाखवून उपयोग नसतो. मग इथं सगळ्यांना सगळं एकदम दाखवायचा हट्ट कशासाठी? तिनं कोऱ्या कागदाच्या माथ्यावर आधी एक प्रश्न लिहिला: पिशवी कोणाच्या हुकमानं बाहेर पडते? आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जे चौकोन लागतात तेवढेच खाली मांडले. सात भरले. उरलेले एकशे ऐंशी त्या पानावर नकोच होते.

पुढचे दिवस तिनं मन लावून खोडलं. तारीख, नोंदवही, चुकांचे संदेश असले सगळ्यांच्याच उपयोगी पडणारे क्लास तिनं सरळ गाळले. घरातल्या प्रत्येक खोलीत हवा असते म्हणून नकाशात कोणी हवा काढत नाही. तेवढ्यानंच दोनशे तीस रेषा गेल्या. चौकोनांच्या पोटातल्या वीस-वीस ओळींपैकी प्रश्नापुरत्या एक-दोन ठेवल्या. एका जातीचे क्लास एकाखाली एक लावले, मूळ वर, त्यातून निघालेले खाली. प्रवास डावीकडून उजवीकडे. प्रत्येक रेषेवर क्रियापद लिहिलं: 'अडवतो', 'विचारतो', 'सोडतो'. नुसती रेषा बघून कोण कोणाचं काय करतो हे कळत नाही. शेजारच्या पानावरचा कोणी लागलाच, तर त्याचा फक्त तुटक रेघेचा चौकोन आणि आत पानाचा आकडा. आणि रेषा रेषेवरून जाताना दिसली की ती थांबायची, चौकोन हलवायची, तरी जमलं नाही तर पान मोडून दोन करायची.

अशी आठ पानं झाली. नववं होईना.

'हालचाल' कुठल्याच पानावर नीट बसेना. वर ठेवला तर रेषा खाली ओघळायच्या, मध्ये ठेवला तर चहूकडे पसरायच्या. रविवारी ती घरी जेवणाच्या टेबलावर बारीक चौकोन कापून, दोरे लावून खेळ मांडून बसली. नणंद त्यांच्याकडेच राहायची. आयुष्यभर दवाखान्याच्या धुलाईघरात काम केलेली, संगणकाला कधी हात न लावलेली बाई. ती चष्मा पुसत येऊन उभी राहिली.

"हे काय गं वहिनी?"

"बघा ना वन्सं. कोण कोणाशी बोलतं ते मांडलंय. हा एक कुठंच बसत नाही."

नणंदेनं दोऱ्यांवरून नजर फिरवली. "बसेल कसा? तुझ्या थोरल्या जाऊबाईंसारखा आहे हा. सगळ्यांच्या घरात नाक. कोणाचं लग्न ठरायचं असू दे की भांडी घासायची असू देत, ह्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही." तिनं दोरे मोजले. "एकतीस! बाई बाई. तू इथं तिथं सरकवून काय होणार? हिला आवर घालायला पाहिजे."

खोडरबर दोऱ्यांकडे बघत राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं की आपली मांडणी चुकतेय. आता उमगलं, मांडणी कशीही केली तरी तो चौकोन असाच दिसणार, कारण तो असाच होता. पिशवी आत येणं, बाहेर जाणं, परत येणं, फेकली जाणं, सगळं एकाच क्लासमध्ये कोंबलं होतं. आणि म्हणून 'साठा' 'तपासणी'ला विचारत नव्हता. सगळेच 'हालचाल'ला विचारत होते. दोष रेषांचा नव्हता, रचनेचा होता. सहाशे बारा रेषांच्या गुंत्यात तो पंधरा वर्षं आरामात लपून बसला होता. तो क्लास आर्किटेक्टसाहेबांनी स्वतः लिहिला होता, हे तिला त्याच क्षणी आठवलं. तिनं हातातली कात्री खाली ठेवली.

"काय गं? चूक बोलले का?"

"नाही वन्सं. बरोबर बोललात, तेच तर."

नववं पान तिनं तसंच काढलं. मध्ये 'हालचाल', भोवती एकतीस रेषा, एकही न लपवता. माथ्यावर प्रश्न: इतक्यांना हा एकच का लागतो?

मंगळवारी ती कोणाला न विचारता रक्तपेढीत गेली. रक्तपेढीच्या बाई ठेंगण्या, हातमोजे काढता काढता चालणाऱ्या आणि वेळ न दवडणाऱ्या होत्या. कंपनीचं नाव ऐकून त्यांच्या कपाळावर आठी आली.

"माफी मागायला आलात का?"

"नाही. वाचून घ्यायला आले. हे पान तुम्हाला वाचता येतंय का ते सांगा. मी काही समजावणार नाही."

बाईंनी तिसरं पान उचललं. ओठ हलत होते. "'साठा' विचारतो 'हालचाल'ला... 'तपासणी' अडवते..." दोन मिनिटांत त्यांचं बोट थांबलं. "अहो, म्हणजे अडवणारी इकडे आणि विचारणारा तिकडे? यांची गाठच पडत नाही!"

"नाही पडत."

"म्हणून माझी पिशवी सुटली." त्या खुर्चीत बसल्या आणि मग त्यांना चेव आला. पान चार, पान पाच. सहाव्या पानावर त्यांनी पेन काढलं. "हे चूक आहे. वॉर्डातून न उघडता पिशवी अर्ध्या तासाच्या आत परत आली, तर आम्ही ती तापमान बघून पुन्हा ठेवतो. यात तापमानाचं नावच नाही."

"प्रोग्राममध्येच नाही," खोडरबर म्हणाली. ती जागची उठली होती. भिंतीवरचा कागद एवढी वर्षं टांगलेला होता, आणि एवढ्या वर्षांत कोणी त्यात चूक काढली नव्हती. लोकांना तो पटत होता म्हणून नव्हे. चूक काढायला आधी वाचता यावं लागतं.

परत आली तेव्हा टेबलावर पाकीट होतं. ताकीदपत्र. सांगितलेलं काम नाकारणं आणि परवानगीशिवाय ग्राहकाकडे जाणं. समतोलसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आर्किटेक्टसाहेब आधीच बसले होते, पुढ्यात नऊ पानं, तिच्या टेबलावरून उचललेल्या प्रतीतली. सगळी उलटी ठेवलेली, नववं सोडून.

"हा चौकोन मी काढलाय," ते म्हणाले.

"माहितीये साहेब. म्हणूनच त्याबद्दल कोणी बोललं नाही."

"तुम्ही माझी आकृती फाडून तिचे तुकडे केलेत. अख्खी यंत्रणा एका नजरेत दिसायला पाहिजे. मला दिसते!"

"तुम्हाला दिसत नाही, तुम्हाला आठवतं," ती म्हणाली. "तुम्ही तो कागद वाचत नाही कधी. तुम्हाला सगळं पाठ आहे. आणि जे पाठ नव्हतं तिथं त्या दिवशी तुमचं बोट चुकलं. बाकीच्यांनी काय करायचं? तुमचं डोकं कुठून आणायचं?"

साहेब नवव्या पानाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आता राग कमी होता, दुसरंच काही तरी होतं, आणि ते बघून तिला क्षणभर वाईट वाटलं. पंधरा वर्षं कमी नसतात.

"समितीच्या दिवशी तुम्ही तुमच्या जागेवरच बसा," समतोलसाहेब म्हणाले. "पत्रावर सही करा."

तिनं सहीखाली लिहिलं, 'पत्र मिळालं. मान्य नाही.'

समिती आली ती तीन माणसांची. रुग्णालयाचे एक ज्येष्ठ डॉक्टर, बाहेरून बोलावलेले एक तपासनीस आणि रक्तपेढीच्या बाई. भिंतीवर आर्किटेक्टसाहेबांनी स्वतःच काढलेला नवा कागद लागला होता. तीन मीटर, एकशे चौऱ्याण्णव चौकोन, पाच रंग. काचेच्या दारापलीकडे आपल्या जागेवर बसून खोडरबर बघत होती. आर्किटेक्टसाहेबांचे हात पसरलेले दिसत होते. डॉक्टर मान हलवत होते, तपासनीस घड्याळ बघत होते. मग रक्तपेढीच्या बाई उठून भिंतीपाशी गेल्या, नाक लावण्याइतक्या जवळ, आणि त्यांचा आवाज बंद दारातून बाहेर आला.

"यात माझी पिशवी कुठं अडते ते दाखवा."

साहेबांचं बोट कागदाकडे गेलं आणि अर्ध्यातच थांबलं. ते पुढे सरकेना.

खोडरबर उठली. शेजारच्या टेबलावरचा लांब्या कुजबुजला, "ताई, नका जाऊ. माझं जे व्हायचं ते झालंय."

"मी तुझ्या एकट्यासाठी जात नाहीये रे," ती म्हणाली, आणि दार न वाजवता आत गेली.

"ताई," समतोलसाहेब ताडकन उठले, "आपलं ठरलं होतं ना?"

"तुमचं ठरलं होतं." तिनं तिसरं पान टेबलावर समितीपुढे सरकवलं. "पिशवी इथं अडायला हवी. इथं सुटते. कारण इथं रेषा नाही."

डॉक्टरांनी पान ओढून घेतलं. तपासनिसांनी घड्याळ बघायचं सोडलं. चारेक मिनिटं सगळे वाचत होते, आणि त्या खोलीत असं पहिल्यांदाच घडत होतं. मग प्रश्न सुरू झाले, एकावर एक. तापमानाचं कुठं आहे? दाता पुन्हा आला तर? नववं पान आलं तेव्हा तपासनिसांनी विचारलं, "हा इतका मोठा का?"

तिनं तोंड उघडलं, पण उत्तर तिच्या आधी आलं.

"मी केला मोठा," आर्किटेक्टसाहेब म्हणाले. ते अजून भिंतीपाशीच उभे होते. "सुरुवातीला पाच गोष्टी होत्या, एका क्लासात मावत होत्या. मग त्यात घालतच गेलो. फोडायला हवा होता. सहा वर्षांपूर्वीच."

'मी' हा सगळ्यात अवघड शब्द त्यांनी स्वतःहून उच्चारला, हे तिनं पुढंही कधी कोणापासून लपवलं नाही.

समितीनं लिहून दिलं: 'हालचाल' फोडावा, तापमानाची अट घालावी, आणि दर तीन महिन्यांनी रक्तपेढीला पानं वाचायला पाठवावीत. समतोलसाहेब खुशीत तिच्या टेबलापाशी आले. पानांच्या मूळ फाइल कंपनीच्या संग्रहात टाका म्हणाले, आजच.

"टाकते. आधी लांब्याचं पत्र मागे घ्या."

"अहो, ते वेगळं प्रकरण आहे. आपण समतोल—"

"लेखी. त्याच्या चुकीनं हे झालं नाही, असं. तुमच्या सहीनं."

"आणि तुमचं ताकीदपत्र?"

"ते राहू द्या. मी गेले होते न विचारता, खरंच आहे. पुन्हा जाईन."

पत्र दुसऱ्या दिवशी दुपारी निघालं. लांब्यानं ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि तिच्यासाठी चहा आणला. अर्धा वाटेत सांडला होता.

'हालचाल' फोडायला अडीच महिने लागले. आवक, वाटप, परत आणि बाद असे चार क्लास झाले. काम आर्किटेक्टसाहेबांनीच केलं, लांब्याला शेजारी बसवून. रोज दुपारी ते पान घेऊन खोडरबरच्या टेबलाशी यायचे आणि तिच्या पेन्सिलीकडे संशयानं बघत विचारायचे, "यातलं काय काढू?" कधी ती सांगायची, कधी दोघांचं जुंपायचं. एकदा त्यांनी तिची एक रेषा खोडली आणि ते बरोबर होतं. तिला तो सगळा दिवस करमलं नाही.

आणि मग समतोलसाहेबांनी परिपत्रक काढलं. यशाचं श्रेय असं वाया जाऊ देणारा तो माणूस नव्हता. 'वाचनीय आकृत्यांचे नियम', कंपनीच्या सगळ्या विभागांना लागू. नियम पहिला: कोणत्याही पानावर नऊपेक्षा जास्त चौकोन चालणार नाहीत. नियम दुसरा: चौकोन जास्त झाल्यास विभागप्रमुखांनी खुलासा द्यावा, नमुना 'क' मध्ये. खाली जागा ठेवली होती, प्रणेती म्हणून तिच्या सहीसाठी.

तिनं परिपत्रक वाचलं. मग आपलं सहावं पान काढून त्यावरचे चौकोन मोजले. अकरा. त्यातला एकही काढता येत नव्हता. तिनं दोनदा प्रयत्न केला होता, आणि दोन्ही वेळा परत आलेली पिशवी कुठून आली हेच कळेनासं झालं होतं. रक्तपेढीच्या बाईंनी ते पान एका बैठकीत वाचलं होतं.

ती केबिनमध्ये गेली.

"मी सही नाही करणार."

समतोलसाहेबांनी कपाळाला हात लावला. "आता काय झालं? हे तर तुमचंच आहे!"

"माझं नाही. मी कधी नऊ म्हटलं नाही. मी म्हटलं, वाचता आलं पाहिजे."

"पण ते मोजायचं कसं? काही तरी आकडा लागतो ना ताई!"

"ज्याला वापरायचंय त्याच्या पुढ्यात पान ठेवायचं आणि गप्प बसायचं. त्याला वाचता आलं तर झालं. नाही आलं तर परत काढायचं. असं लिहा, मी सही करते."

"असं परिपत्रक कसं काढणार?"

"तो तुमचा प्रश्न," ती म्हणाली. तिनं त्यांच्याच टेबलावरची पेन्सिल उचलली, पहिल्या नियमावर एक सरळ रेघ मारली, मग दुसऱ्यावर, आणि कागद त्यांच्यापुढे ठेवून आपल्या जागेवर निघून गेली. दाता पुन्हा आल्याचं पान अजून अडलेलं होतं. दोन रेषा एकमेकींवरून जात होत्या.